फवाऱ्याच्या दिवसांतला रेडिओ

गुरुवारी दुपारी चारच्या ठोक्याला देवसिंग राठोड रेडिओ स्टेशनाच्या पायरीवर चपला काढायचे. दोन वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं. कानात बाळ्या, खांद्यावर लाल पंचा, काखेत काशाची थाळी. आत आले की आधी माठातलं पाणी प्यायचे आणि मग माइकसमोर बसून घसा असा खाकरायचे की यंत्रावरचा काटा पार शेवटाला जाऊन आपटायचा.

"काका, माइकपासून दूर होऊन खाकरा न," उर्वशी दर गुरुवारी म्हणायची.

"तुह्या यंत्राले बी कळू दे न पोरी, देवसिंग आला म्हून," ते दर गुरुवारी हसून म्हणायचे.

दोन हजार सतरा सालच्या श्रावणातला एक गुरुवार मात्र सुना गेला. चार वाजले, सव्वाचार झाले. देवसिंगचा पुतण्या बादल माइकसमोर बसून दाराकडे बघत राहिला. शेवटी त्यानं काकांचं मागच्या महिन्यातलं एक गाणं लावलं आणि कार्यक्रम कसाबसा निभावून नेला. 'तांड्याची सांज' हा कार्यक्रम त्याचाच होता. अर्धा तास गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, गप्पा आणि गाणी. घाटंजी तालुक्यात गोरबोली बोलणारा दुसरा रेडिओ नव्हता.

रेडिओ पांदण, नव्वद पॉइंट चार. नाव मोठं, जागा लहान. पांगरखेडच्या ग्रामपंचायतीनं दिलेली एक खोली, भिंतींना आतून गोणपाट ठोकलेलं, आणि मागच्या अंगणात लोखंडी टॉवर. चालवणारी सगळी पोरं पंचविशीच्या आतली. त्यांची मुख्य होती उर्वशी नगराळे. वय तेवीस, घाटंजीच्या कॉलेजातून बीए झालेली. तिची आई मथुराबाई अजून लोकांच्या वावरात निंदायला जायची. पोरगी रेडिओवर बोलते याचं तिला कौतुक होतं, पण ती ते दाखवायची नाही. "दिवसभर वटवट करते, घरी आली का मुक्की," एवढंच म्हणायची.

शुक्रवारी सकाळी उर्वशी बादलच्या गाडीवर मागे बसून खडकी तांड्याला गेली. सरळ रेषेत बघितलं तर तांडा जेमतेम तीन किलोमीटर, पण मध्ये टेकडी आडवी. रस्ता तिला वळसा घालून जायचा. उर्वशीनं मोबाइलवर स्वतःचंच स्टेशन लावलं होतं. टेकडीचं वळण आलं आणि रेडिओची नुसती खरखर सुरू झाली. तांड्यात त्यांचा रेडिओ ऐकू येत नव्हता, हे स्टेशन सुरू झालं त्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं. बादलच्या आईनं, याडीनं, पोराचा कार्यक्रम ऐकला होता तो फक्त त्याच्या मोबाइलात भरून आणलेला. टॉवर उंच करायचा अर्ज दिल्लीला गेला होता आणि तिथंच राहिला होता.

देवसिंग छपरीत बाजेवर पडले होते. डोळे सुजून बंद झालेले, तोंडातून लाळ गळत होती, बोटं आपोआप थरथरत होती. त्यांची बायको जमनाबाई ओल्या फडक्यानं तोंड पुसत होती.

"कोण आलं?" त्यांनी विचारलं.

"मी, काका. उर्वशी."

"दिसून नाई राह्यलं पोरी. हात दिसते, हाताच्या पुढं धुकं."

"झालं काय?"

"फवारा मारायले गेलतो. यंदा कपाशीची पऱ्हाटी पाह्यली का तू? माह्या डोक्याच्या वर गेली. नोझल वर करा लागते, आन् वर केलं का सारं तोंडावरच येते. मालकानं तीन औषधं एकत्र कालवले. अळी मरून नाई राह्यली म्हने एकानं."

"दवाखान्यात?"

"घाटंजीले नेलतं," जमनाबाई म्हणाली. "सलाईन लावलं, डोळ्यात औषध टाकलं. डाक्टर म्हने, इष अंगात गेलं. म्या म्हनलं, यानं तर काही पेलं नाई बाप्पा. तो म्हने, कातड्यातून जाते, सासातून जाते. हे आमाले कोन सांगतलं होतं?"

कोणी सांगितलं नव्हतं, हे उर्वशीला परतीच्या वाटेवर टोचत राहिलं. याच महिन्यात तिनं कपाशीवर तीन कार्यक्रम केले होते. अळी कशी ओळखायची, खत कधी द्यायचं, भाव काय निघेल. फवारणाऱ्या माणसावर एकही नाही.

गावात येऊन तिनं आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना विचारलं. बाईंनी रजिस्टर दाखवलं नाही, पण पंजा उघडून दाखवला. पाच, या आठवड्यात. "उलट्या, घाम, डोळे. सगळे फवाऱ्याचे," त्या हळूच म्हणाल्या. "माझं नाव घेऊ नको."

त्याच संध्याकाळी उर्वशी विमलताईंकडे गेली. रेडिओ ज्या संस्थेच्या नावावर होता, तिच्या विमलताई सचिव. पन्नाशीच्या, निवृत्त शिक्षिका. लायसन्ससाठी त्यांनी चार वर्षं दिल्लीला खेटे घातले होते, कागदांची पेटी डोक्याशी घेऊन झोपल्या होत्या. रेडिओवर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव होता, आणि म्हणूनच त्याला जरा वारा लागलेला त्यांना सोसायचा नाही.

"उद्या सकाळी कार्यक्रम करतो ताई. फवाऱ्याचा. पाच लोक दवाखान्यात गेले," उर्वशी म्हणाली.

"ही बातमी झाली," विमलताई म्हणाल्या. "आपल्याला बातम्या द्यायची परवानगी नाही. तुला माहीत आहे."

"बातमी नाई ताई. हातमोजे घाला, वाऱ्याच्या उलट मारू नका, हे सांगाचं हाय. हे आरोग्य झालं."

"पाच लोकांना विषबाधा म्हटलंस की बातमी झाली. कोणत्या औषधानं, तर भांडण झालं. आपल्या समितीवर औषधं विकणारे कृषी केंद्रवाले बसलेत. उद्या कोणी तक्रार केली तर उत्तर मला द्यावं लागेल. तू एक कर. डॉक्टरांचं लेखी आण, कृषी खात्याचं लेखी आण. मग खुशाल कर."

"आनतो," उर्वशी म्हणाली. तिला वाटलं, दोन दिवसांचं तर काम आहे.

दोन दिवसांचे अठरा झाले.

आरोग्य केंद्राचे डॉक्टर तरुण होते, भले होते. उर्वशीला खुर्ची देऊन त्यांनी अर्धा तास सगळं समजावून सांगितलं. विष लागलेल्या माणसाचे कपडे तिथंच उतरवायचे, साबणानं अंग धुवायचं, डोळ्यांवर पाणी मारायचं, आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठायचा, म्हणजे कोणतं विष आहे ते डॉक्टरला कळतं. "हेच माइकवर बोला न सर," उर्वशीनं रेकॉर्डर पुढे केला. डॉक्टर मागे सरकले. "माध्यमांशी बोलायला वरून परवानगी लागते."

"आमी माध्यम नाई सर. गावचा रेडिओ आहो."

"रेडिओ म्हणजे माध्यमच ना?"

वर यवतमाळला अर्ज गेला. तिथून निरोप आला की अर्ज संस्थेच्या शिक्क्यानिशी पाहिजे. शिक्का मारून पुन्हा गेला. कृषी कार्यालयात साहेब बैठकीला गेलेले. दुसऱ्या दिवशी दुसरी बैठक. तिसऱ्या खेपेला तिथल्या बाबूंनी कपाटातून एक घडीपत्रिका काढून दिली. तिच्यात लिहिलं होतं, 'कीटकनाशके हाताळताना संरक्षक साधनांचा यथायोग्य वापर करावा.'

"हे वाचा रेडिओवर," ते म्हणाले.

"हे कोनाले समजन साहेब?"

"नियमाप्रमाणं हेच आहे."

उर्वशी पत्रिकेची सुरळी करून बाहेर आली आणि एसटी स्टँडवर बसून राहिली. तिला रडू येत नव्हतं, नुसता दाताखाली खडा आल्यासारखं होत होतं. घास तोंडात आणि खडा दाताखाली, तसं अठरा दिवस चाललं होतं. सकाळच्या सत्रात ती भाजीपाल्याचे भाव सांगायची, गाणी लावायची, वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायची. आणि त्याच वेळी स्टेशनच्या समोरून पाठीवर पंप घेतलेली माणसं रांगेनं वावरात जायची. कोणी पायात चप्पल घातलेला, कोणी तीही नाही. अंगात बनियान, तोंडाला फार तर रुमाल. उर्वशी माइक बंद करून दारात यायची, एकेकाला अडवून सांगायची. ते हसायचे. "हो ताई, हो," म्हणायचे आणि जायचे.

चौथ्या खेपेला ती कृषी कार्यालयात बाकावर बसली असताना बादलचा फोन आला.

"बाबूसिंग गेला," तो म्हणाला.

उर्वशीला आधी अर्थच लागला नाही. "कोठी गेला?"

"मेला, उर्वशी."

बाबूसिंग तांड्यातला, बादलच्या वर्गातला. लग्नाला दीड वर्ष झालेलं. सकाळपासून फवारत होता. मध्येच त्याच हातानं तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळून खाल्ला. बाराच्या सुमाराला घाम सुटला, पाय लटपटले, उलट्या झाल्या. सोबतच्यांना वाटलं ऊन लागलं. त्यांनी त्याला लिंबाखाली निजवलं, तोंडात लिंबूपाणी घातलं, आणि भिजलेला बनियान अंगावर तसाच ठेवला. दोन तास ते वाट बघत बसले, ऊन उतरलं की बरं वाटेल म्हणून. मग जीपमध्ये घातलं. यवतमाळच्या अलीकडे दहा किलोमीटरवर तो गेला.

फोन कानाला तसाच धरून उर्वशी उभी राहिली. कपडे उतरवा, साबणानं धुवा, ऊन लागलं समजून थांबू नका. तीन वाक्यं. तिच्या वहीत अठरा दिवसांपासून लिहून ठेवलेली.

"मॅडम, साहेब सोमवारी येतील," बाबू आतून म्हणाले.

उर्वशी बाकावरची वही उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पांगरखेडात चहा उकळत होता, गाईंच्या धारा निघत होत्या आणि माणसं पंप धुऊन तयार होत होती. रोज त्या वेळी रेडिओ पांदणवर अभंग लागायचे. त्या दिवशी अभंग लागले नाहीत.

"मी उर्वशी बोलून राह्यली," आवाज आला. नेहमीचं 'नमस्कार श्रोतेहो' नाही, काही नाही. "फवारा मारायले निंगाले असान तर दोन मिनिटं थांबा. पंप खाली ठेवा आन् ऐका. काल खडकी तांड्यातला बाबूसिंग मेला. त्यानं इष पेलं नव्हतं. फवारा मारता मारता इष त्याच्या कातड्यातून अंगात गेलं. चव्वीस वर्साचा होता. आपल्या गावातले बी लोक दवाखान्यात जाऊन आले, तुमाले माईत हाय, तुमी बोलून नाई राह्यले.

"डब्यावर तिरपा चौकोन असते, त्याच्यात रंग असते. लाल असन तर तो साप समजा. पिवळा असन तरी सापच, थोडा लहान. अक्षर वाचता येत नसन तरी रंग दिसते. दोन औषधं एकत्र करू नका, दुकानदार म्हनन तरी नाई. वारा तोंडावर येत असन तर मारू नका. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली असन तर मारूच नका. मधात खर्रा खाऊ नका, बिडी ओढू नका. आन् कोनाले घाम सुटला, वकाऱ्या आल्या, लाळ गळाले लागली, तर ऊन लागलं म्हनू नका. कपडे काढा. तिथंच. लाजू नका. साबणानं धुवा आन् डबा घेऊन दवाखान्यात पळा."

मग तिनं जमनाबाईचा आवाज लावला. आदल्या आठवड्यात बादलनं मोबाइलवर भरून आणलेला. आधी गोरबोलीत, मग मराठीत जमनाबाई सांगत होती की तिचा नवरा आता ताटातली भाकर चाचपून शोधतो.

उर्वशीनं हे सगळं आठ वाजेपर्यंत चार वेळा लावलं. फोन वाजत होते. एकानं शिव्या दिल्या. एक म्हणाला, कपाशी तुझा बाप वाचवणार काय. तिसरा फोन एका बाईचा होता, शेजारच्या गावातून, धापा टाकत. "बाई, माह्या घरच्याले तसंच होऊन राह्यलं. म्या कपडे काढले. आता पानी टाकू का?" उर्वशी म्हणाली, "टाक, माय, टाक. साबण लाव. आन् गाडी बोलाव." दुपारी त्याच नंबरवरून पुन्हा फोन आला. माणूस यवतमाळला पोचला होता, शुद्धीवर होता.

ते ऐकून उर्वशी खुर्चीत बसली तेव्हा दारात विमलताई उभ्या होत्या.

"किल्ली दे," त्या म्हणाल्या.

"ताई, एक मानूस वाचला आज."

"माहीत आहे. मी पण ऐकत होते." विमलताईंचे डोळे लाल होते. "दोन तक्रारी गेल्यात दिल्लीला. फॅक्सची प्रत मला आली. मयताचं नाव घेतलंस, दुकानदारांना बोललीस. मला समितीची बैठक घ्यावी लागेल. तोपर्यंत स्टेशन बंद."

"आन् तोवर कोनी मेलं तर?"

"तुला काय वाटतं, मला झोप लागते? पण रेडिओच गेला तर पुढच्या वर्षी कोण सांगेल?"

"पुढच्या वर्षी!" उर्वशी म्हणाली. "ताई, लोक यंदा मरून राह्यले."

तिनं किल्ली टेबलावर ठेवली नाही, आपटली. टेबलावरची लहान वाटी खाली पडून घरंगळत गेली. बादल ती उचलायला वाकला आणि तसाच खाली बसून राहिला.

स्टेशन नऊ दिवस बंद होतं. त्या नऊ दिवसांत जिल्ह्यातून मेलेल्यांचे आकडे वर्तमानपत्रांत येऊ लागले. कळंबहून, मारेगावकडून, सगळीकडून. मोठ्या गाड्या यायला लागल्या, पंचनामे झाले, बैठका झाल्या. आणि दहाव्या दिवशी कृषी कार्यालयाचा माणूस स्वतः पेनड्राइव्ह घेऊन विमलताईंच्या घरी हजर झाला. जनजागृतीची जाहिरात, दिवसातून बारा वेळा लावायची. विमलताईंनी किल्ली परत उर्वशीच्या हातावर ठेवली. दोघी एकमेकींकडे बघू शकल्या नाहीत.

उर्वशीनं जाहिरात ऐकली. सनईचे सूर, मग भारदस्त आवाज. 'शेतकरी बंधूंनो, सुरक्षित फवारणी करा, संरक्षक किटचा वापर करा.'

"बंधूंनो," ती बादलला म्हणाली. "फवारा मारते मजूर, आन् हे सांगून राह्यले बंधूले. किट म्हनजे काय, तुह्या काकाले माईत हाय का?"

"माह्या काकाले ऐकूच नाई येत," बादल म्हणाला. "टेकडी हाय न मधात."

दोघांनी मग गावातल्या मंडपवाल्याकडून भोंगा मागून आणला, बॅटरी बांधली आणि बादलच्या गाडीवर लादून तांड्याला गेले. दिवस बाजाराचा होता, माणसं घरी होती. सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढच्या ओट्यावर लोक जमले. पुढे तांड्याचे नायक उत्तमसिंग, पांढऱ्या मिशा, हातात काठी. मागे बायका. बाबूसिंगची बायको कुठंच दिसली नाही, तिला माहेरी नेलं होतं.

उर्वशीनं भोंग्यावर सगळं पुन्हा सांगितलं. रंग, वारा, खर्रा, साबण. बादलनं गोरबोलीत सांगितलं. लोकांनी गुपचूप ऐकलं. शेवटी उत्तमसिंगांनी काठी जमिनीवर टेकवली.

"पोरी, तू चांगलं बोलली," ते म्हणाले. "आता मी इचारतो. हातमोजे कोन देईन?"

"मालकानं द्यायचे," उर्वशी म्हणाली.

"मालकाले कोनं सांगतलं?"

"वावरात साबण कोन ठेवन? पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली म्हून मारत नाई, असं आमचा बाबूसिंग म्हनला असता तर मालकानं दुसरा आनला असता. हो का नाई? तुमी साऱ्या गोठी आमालेच सांगता. हे करा, ते करू नका. जनू काई पंप आमी हौसेनं घेतो. जो मेला तोच चुकला, असं होते मंग."

उर्वशीचे कान तापले. तिला वाटलं होतं, अठरा दिवस तिचा आवाज अडवून ठेवला गेला, म्हणून ती संतापली होती. आता कळलं की आवाज मोकळा झाला तेव्हाही तो चुकीच्या दाराशी गेला होता. हे तिला कळायला हवं होतं. तिची आई जन्मभर लोकांच्या वावरात राबली होती, तिला हे सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं.

"तुमी बरोबर बोलता," ती म्हणाली. भोंग्यावर नाही, तशीच. "मंग काय करावं, ते तुमी सांगा. मी तेच लावतो."

मागून जमनाबाई उठून पुढे आली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"हातमोजे नाई, तोंडाले बांधाचं नाई, वावराच्या धुऱ्यावर पानी अन् साबण नाई, तर पंप नाई," ती म्हणाली. "तांड्यातल्या कोनीच नाई उचलाचा. एकानं उचलला का साऱ्यायचं गेलं."

"आन् बाहेरचे आनले तर?" एकजण म्हणाला.

"आनू दे. त्यायच्या बी बायका असतीन न घरी."

तासभर वाद झाला. हंगामाचे दिवस, घरात आठवड्याचं धान्य, ज्यांना दुसरं कामच नाही ते तर चिडलेच. शेवटी नायकांनी काठी पुन्हा टेकवली आणि ठरलं.

उर्वशीनं जमनाबाईचं ते बोलणं जसंच्या तसं भरून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला लावलं. या वेळी आधी विमलताईंना ऐकवलं होतं. विमलताईंनी दोनदा ऐकलं, चष्मा काढला, पुसला. "ही बातमी नाही," त्या म्हणाल्या. "हा गावकऱ्यांचा निरोप आहे. लाव." मग म्हणाल्या, "आधी लावायला हवं होतं." उर्वशी रेकॉर्डर उचलून आत गेली.

निरोपाचा परिणाम झाला आणि नाहीही झाला. पांगरखेडच्या काही कास्तकारांनी खरोखर हातमोजे आणले, धुऱ्यावर पाण्याची कॅन ठेवली. त्यातले बरेचसे स्वतःच लहान होते, स्वतःच फवारणारे. एकानं तर फोन करून विचारलं, पावसाचा रेनकोट घातला तर चालेल का. ज्यांची वावरं मोठी, त्यांनी मारेगावकडून ट्रॅक्टरमध्ये भरून माणसं आणली. ती माणसं रेडिओ ऐकत नव्हती. तांड्यातली काही घरं दोन आठवडे उपाशीपोटी चिडचिडली. एकानं गुपचूप पंप उचलला, आणि जमनाबाई त्याच्या दारात जाऊन भांडून आली.

मग कपाशीची बोंडं फुटू लागली आणि फवारा आपोआप थांबला. लोक म्हणाले, आता आटोक्यात आलं. वर्तमानपत्रांनीही तसंच छापलं. उर्वशीला त्या शब्दाची चीड यायची. कोणी आटोक्यात आणलं? बोंडं फुटली म्हणून अळी संपली आणि अळी संपली म्हणून माणसं मरायची थांबली, इतकंच तर झालं होतं.

देवसिंगांच्या उजव्या डोळ्याला थोडं दिसायला लागलं. डावा गेला तो गेलाच. उर्वशीनं त्यांना स्टेशनला यायला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "येईन. पन गानं नाई म्हननार यंदा. बाबूसिंगच्या लग्नात म्याच गायलो होतो." तिनं आग्रह केला नाही.

फवारा थांबायच्या चार-पाच दिवस आधीची गोष्ट. उर्वशी सायकलनं स्टेशनला निघाली होती. पांदणीच्या वळणावर दोन माणसं पंप घेऊन उभी दिसली. अनोळखी, मारेगावकडची. एकाच्या डाव्या हातात निळा रबरी मोजा, दुसऱ्याच्या उजव्या हातात तसाच मोजा. बाकी दोन्ही हात उघडे.

उर्वशीनं सायकल थांबवली. "हे काय?"

"मालकानं एकच जोडी देल्ली," पहिला म्हणाला. "रेडिओवर सांगतलं म्हने कोनीतरी, मोजे द्या लागते. मंग त्यानं देल्ली. डावा मले, उजवा याले."

दोघं तिच्याकडे बघून हसले. त्यांना वाटलं तीही हसेल. उर्वशीच्या डोक्यात एवढा संताप चढला की क्षणभर समोरची पांदण गढूळ दिसायला लागली. कुणावर, ते तिला सांगता आलं नसतं. मालकावर, पेनड्राइव्हवाल्यावर, सनईवर, स्वतःवर.

तिनं सायकल धुऱ्याला टेकवली.

"पंप उतरवा," ती म्हणाली. "दोघंही. कोनाचं वावर हाय? चला, मी येतो तुमच्यासंगं. दुसरी जोडी आनल्याबिगर पंप उचलाचा नाई."

"ताई, हाजरी जाईन आमची."

"जाऊ नाई देत. चला."

ते एकमेकांकडे बघू लागले. मग दुसऱ्यानं खांद्यावरचा पट्टा सोडवला आणि पंप जमिनीवर ठेवला. पहिल्यानं थोडा वेळ काढला, पण त्यानंही ठेवला. उर्वशी पुढे चालायला लागली. मागे त्यांच्या पावलांचा आवाज येतोय की नाही, हे वळून बघायचा तिला धीर होत नव्हता, म्हणून ती बघत नव्हती.

स्टेशनवर तोपर्यंत सकाळचं सत्र सुरू झालं असेल, बादलनं एकट्यानं सांभाळलं असेल. ती वावराच्या दिशेनं चालत राहिली. दव पडून ओली झालेली पऱ्हाटी दोन्ही बाजूंनी तिच्या खांद्याला घासत होती, आणि मागून, बऱ्याच वेळानं, त्या दोघांपैकी कुणीतरी खोकल्याचा आवाज आला.